आभाळाला खिसा

बॅग गाडीत ऱ्हायली हे माझ्या ध्यानात आलं तवर गाडी लातूरच्या स्टँडातून भाईर पडून सोलापूरच्या रस्त्याला लागली होती. माझ्या एका हातात आरोही, दुसऱ्या हातात तिची पान्याची बाटली, खांद्याला पर्स, आन जिच्या भरवशावर पहाटं नांदेडहून निघालो ती निळी बॅग वर सामानाच्या फळीवर. अहमदपूरच्या पुढं आरोहीनं उलटी केली, मी तिला पुसत बसले, लातूर आलं तशी उतरले. बॅग न्हाई उतरली. बॅगेत तिचे सगळे कागद होते, जलमल्यापासूनचे.

मी पळाले. पळाले म्हंजी चार पावलं, कारन आरोहीला घेऊन पळता येत न्हाई. ती घाबरली की रडती आन रडली की तिचे ओठ निळे पडतेत. तिच्या काळजाला भोक हाय. तवा तीन वर्साची होती पन वजन दीड वर्साच्या लेकराचं. त्या भोकासाठीच आलो होतो. लातूरच्या एका दवाखान्यात महिन्यातून एकदा भाईरगावचे मोठे डॉक्टर येतेत, लेकराला बगतेत आन आपरेशनची तारीख देतेत. चार वाजता निघून जातेत. आमचा नंबर एक्केचाळीस होता.

चौकशीच्या खिडकीत इचारलं तर मानूस म्हनला, गाडीचा नंबर सांगा. मला ठाऊक नव्हता. म्हनला, मग कंडक्टर कसा दिसायला होता. मी म्हनलं, खाकी कपडे. त्यानं मागच्या मानसाला पुढं बोलावलं.

आमच्या ह्यांला फोन लावला. हे ट्रकवर असतेत, तवा विजापूरच्या पल्याड होते. म्हनले, "रिक्षा कर आन मागं जा, औशात गाठ पडंल."

"आन नंबर गेला तर?"

"तर पुढच्या महिन्याला."

पुढच्या महिन्याला हे सोपं असतंय ट्रकवर बसून. रातची तिची छाती भात्यावानी हालती ती मी बगते. मी फोन ठिवला आन दवाखान्याकडं निघाले. बॅगेमागं गेले न्हाई. हे बरोबर का चूक ते मला तवा बी कळत नव्हतं.

दवाखान्यात टेबलावरच्या सिस्टर म्हनल्या, "जुना इको?"

"बॅग गाडीत ऱ्हायली मॅडम."

"सकाळधरनं तुमी तिसऱ्या. एकाचे उंदरानं खाल्ले, एकीचे सासूनं चुलीत घातले." त्यांनी मान बी वर केली न्हाई. "नवा इको आमी काढू. पन जुना बगितल्याबिगर सर तारीख देत न्हाईत. भोक तेवढंच हाय का वाढलं ते त्यांला बगायचं असतंय. मोबाईलवर हाय का कुठं?"

"मोबाईलवर न्हाई," मी म्हनलं. "आभाळात हाय."

आता त्यांनी मान वर केली.

आभाळात हे माझं न्हाई, दप्तरीकाकूचं. नांदेडला आमच्या गल्लीत शेवटल्या खोलीत ऱ्हायची. नवरा तहसीलच्या दप्तरखान्यात होता, तो गेल्यावर त्याच्या जागी हिला घेतलं. बिलोली, भोकर, मग नांदेड, जिथं बदली झाली तिथं जुन्या कागदाच्या खोलीतच तिची जिंदगी गेली. तिथं कागदाचे गठ्ठे लाल कापडात बांधून ठिवतेत, त्याला म्हनतेत बस्ता. आपल्यात बस्ता म्हंजी लग्नाचे कपडे. मी हे म्हनलं तर काकू म्हनली, "माझ्याकडं बी लग्नंच लागायची बाई. कागदाचं आन वाळवीचं."

बुटकी बाई. चष्म्याची एक काडी लाल दोऱ्यानं बांधलेली. खोली एक, कुलूप एक, पन कमरंला चाव्यांचा जुडगा हमेशा. कशाच्या चाव्या म्हनून इचारलं तर म्हनायची, "ज्या कपाटाच्या हायत ती कपाटं सरकारकडं हायत. चाव्या द्यायच्या ऱ्हाऊनच गेल्या." तिला कोन्ची बी गोष्ट सुटी पडलेली बगवत न्हाई. मेथीची जुडी इकत आनली तर आधी सोडायची, काड्या सारख्या करायची, परत बांधायची, मग निवडायला घ्यायची. आरोहीचे केस मोकळे दिसले की जवळ वढून दोन शेंड्या. आन फोन हातात घेतला की पयल्यांदा अंगठा जिभंला लावायची. पान उलटायची सवय. वल्ल्या अंगठ्यानं फोन काई सरकायचा न्हाई. मग पदरानं पुसायची, फोनला म्हनायची, "थांब रं बाबा, विसरले," आन पुढच्या पानाला परत थुंकी.

लगीन झाल्यावर आमी त्या गल्लीत ऱ्हायला आलो तवा मी पोटुशी होते. नळावर तिनं इचारलं, "नाव काय गं?"

"साक्षी."

"ते न्हाई. जलमाचं."

"कौशल्या."

"कुनी ठिवलं?"

"आज्यानं."

"आन साक्षी?"

मला हसू आलं. "ह्यांनी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिवलं न्हाई का."

"ते तांदूळ कुठं गेले मग?"

"शिजवले असतील."

"बग म्हंजी. नाव शिजवून खाल्लं मानसांनी." घागर कमरंवर घेत म्हनली, "कौशीच बरी."

तवापासून मला कौशी म्हननारी नांदेडात ती एकटी. गल्लीतल्या समद्या बायांला ती असंच म्हनायची. पूनमला गयाबाई म्हनली तर पूनम म्हैनाभर बोलली न्हाई, म्हनली मला म्हातारी करून ठिवली. आमी समजायचो काकूची चेष्टा हाय.

आन ह्याच पूनमच्या ट्रंकेत वाळवी लागली. शाळेचा टीसी गेला, लेकराच्या जलमाचा दाखला गेला, तिच्या बापाच्या जिमिनीचा एक कागद होता तो बी चाळनी झाला. पूनम ट्रंक उलटी करून अंगनात रडत बसली. काकूनं ते तुकडे सुपात गोळा केले, दोन दिवस गव्हाचे खडे निवडावं तसे निवडत बसली, काई जुळलं न्हाई. तिसऱ्या दिवशी तिनं पुण्याला लेकाला फोन केला, कागद ठिवायची अशी जागा सांग जिथं वाळवी पोचत न्हाई. त्यानं फोनवरच शिकवलं. एका दिवसात इतके फोन केले की तो म्हनला, आई मी कामावर हाय. काकू म्हनली, "मी बी कामावरच हाय. पुढं सांग."

ढगाचं चित्र असतंय ना फोनात, त्याच्यात कागद ठिवायचे, फोन हरवला तरी कागद हरवत न्हाईत. काकूला लई आवडलं. म्हनायची, "लोक म्हनतेत आभाळाला ठिगळ लावता येत न्हाई. मी खिसा लावलाय."

मग दर रविवारी दुपारी गल्लीतल्या बाया कागद घेऊन तिच्या दारात. दारातल्या उजेडात जिमिनीवर पांढरं कापड, त्याच्यावर कागद, चारी कोपऱ्यांवर चार खडे. काकू वाकायची, दम रोखायची, फोटू काढायची. मग म्हनायची, "पाठ करा." सगळ्यांनी पाठ करायची. कागद कोन्त्या नावानं ठिवला ते ती कोनाला बगू द्यायची न्हाई. मी एकदा इचारलं तर म्हनली, "कागदाची मिसल कुठं ठिवली ते एका दप्तऱ्याला ठाऊक पायजे. दहाला ठाऊक झालं की तिला हात लागतेत."

खरं सांगते, तिला हे बी आवडायचं की आमी तिच्याकडं यावं. कागद लागला की बाई तिच्या दारात, तिनं उठून चष्मा लावावा, अंगठा जिभंला लावावा, "बग, घावला" म्हनावं. चांगुलपना होताच, पन हे बी होतं. आमी बी कधी शिकून घेतलं न्हाई. कामून घ्यावं, काकू हाय की.

आन आता मी लातूरच्या बाकड्यावर, काकू पुण्यात. दोन म्हैने आधी तिला लकवा झाला, लेकानं नेलं. पन खिसा माझ्या फोनात होता. लकव्याच्या कितीतरी आधी तिनंच लावून दिला होता, म्हनली, "दप्तराला दोन चाव्या असाव्या. एक तू ठिव." चावी होती माझ्याकडं. कपाट बी होतं. आत काय कुठं हाय ते ठाऊक नव्हतं.

उघडलं. नुसती नावं, नावामागं नावं, सरकवत जा तर संपनाच. मला लिवून टाकायला टाइम लागतो, सातवी झालेली मी, म्हनून माइकचं बटन दाबलं आन म्हनलं, आरोही. फोननं लिवलं, आरोपी. परत म्हनलं. परत आरोपी. गर्दी होती, लेकरं रडत होती, फोन तरी काय करंल. तीनदा माझ्या लेकराला आरोपी केलं त्यानं. मग बोटानं एक एक अक्षर लिवलं, आरोही. खाली आलं, काई सापडलं न्हाई.

इको लिवलं. काई सापडलं न्हाई. साक्षी. न्हाई. ह्यांचं नाव लिवलं, आडनाव लिवलं. न्हाई. हार्ट. न्हाई. एकतीस नंबर आत गेला.

आरोही कुरकुर करायली. शेजारची बाई म्हनली, "पाजा की तिला." मी म्हनलं पाजते, आन फोनातच बगत ऱ्हायले. पयल्या इकोच्या कागदाचा फोटू काकूनंच काढून घेतला होता, मी डोळ्यानं बगितलेलं, पाठ फिरवून. म्हंजी ऐकलेलं. फोटूचा आवाज आला होता. कागद तिथं हाय. तिथं हाय आन मला दिसंना.

तो पयला इको नांदेडला काढला तवा काकू संगं आली होती. हे ट्रक घेऊन भाईरगावी होते, माझ्याकडं दुसरं कोन होतं. लाइनीत चार तास बसलो. डॉक्टरनं भोक म्हनल्यावर मी भाईर बाकड्यावर येऊन बसले. काकूनं मला काई समजावलं न्हाई, पानी पाजलं आन तिच्या दप्तरखान्यातली एक गोष्ट सांगत बसली, मी ऐकावं का न्हाई तेची तिला पर्वा नव्हती.

"भोकरला असताना एक म्हातारी आली. बापाच्या जिमिनीच्या वारसाला तिचं नाव लागलं होतं का ते बगायचं होतं. मी दोन दिवस बस्ते सोडले आन बांधले. सायेब म्हनला, अशी कोन बाईच न्हाई, पाठव तिला. म्हातारी दारात बसून शेंगा खायली. मी म्हनलं, माय, तुझं नाव काय? म्हनली, रुक्मिन. म्हनलं तेच बगायले दोन दिवस. म्हनली, ते सासरचं. म्हनलं, मग बापाघरी काय म्हनायचे? तर म्हातारीला आठवंना. कौशी, खरं सांगते, तिला आठवंना. साठ वर्स कोनी हाकच मारली न्हाई. बसली, बसली, दुपार कलली तवा एकदम म्हनली, ठकू. आन ठकू म्हनून पयल्याच बस्त्यात होती ती."

मी ते ऐकलं आन इसरले. माझं सगळं ध्यान भोकात.

आन दुसरी एक गोष्ट तर माझ्यासमोर घडली. वाळवीनं खाल्लेल्या कागदांच्या नव्या नकला काढून पूनमनं त्या काकूच्या खिशात ठिवल्या होत्या. पुढं तिचं घरात भांडन झालं, ती माहेरी निघून गेली, आन तिचा नवरा काकूच्या दारात आला. "तिचे कागद काढून द्या. बापाच्या जिमिनीचा पन द्या."

काकू मेथी बांधत होती. "अर्ज आन."

"कसला अर्ज? बायकू माझी हाय."

"बरं. तिचं नाव सांग, देते."

"पूनम."

"पूनम नावाचं इथं काई न्हाई."

"म्हंजी काय? हे बगा काकू, म्हातारं मानूस म्हनून…"

"नाव सांग ना बाबा. सात वर्स संसार केलास. तांदळात लिवायच्या आधी तिचं काय नाव होतं ते सांग. सांगितलंस की ह्या मिनटाला देते."

तो लाल झाला. इकडं तिकडं बगितलं, आमी बाया दारादारात. तो गेला. काकूनं जुडीला गाठ मारली आन मला म्हनली, "कुलूप बी तेच, चावी बी तेच." मी पोट धरून हसले. मला वाटलं टोमना मारला.

बगा, सगळं मला ठाऊक होतं. एवढ्या दिवसात तिनं सगळं सांगून टाकलं होतं, फक्त उघड करून न्हाई. पन त्या बाकड्यावर माझं डोस्कं बंद पडलं होतं. अडतीस नंबर आत गेला. घड्याळात सव्वातीन.

मी काकूला फोन लावला. चेहरा दिसायचा फोन. सूनबाईनं उचलला, पुण्याचीच हाय ती.

"आईंना बोलता येत नाही हो. जीभच वळत नाही त्यांची."

"फक्त दाखवा. पाया पडते तुमच्या. लेकराचा कागद…"

तिनं फोन फिरवला. काकू उशीला टेकून बसलेली. तोंड एका बाजूला गेलेलं, एक डोळा बारीक. चष्मा होता, काडीचा लाल दोरा होता. केस कोनी तरी मोकळे सोडले होते. ते मला लई लागलं, तिचे मोकळे केस.

"काकू, इको कुठं ठिवलाय? पयला इको, नांदेडचा. काय नाव घातलं? काकू, डॉक्टर चाललेत."

काकूनं तोंड उघडलं. "कौ… कौ…"

सूनबाई म्हनली, "दिवसभर असंच करतात. कावळ्यासारखं."

"काकू, नाव सांगा. आरोही टाकलं, साक्षी टाकलं…"

साक्षी म्हनल्यावर काकूनं मान हालवली. न्हाई, न्हाई. आन परत, जोर लावून, गळ्याची शीर फुगली तिच्या. "कौ… कौ…"

एकोनचाळीस गेला. चाळीस गेला. आरोही रडायला लागली आन मी बगितलं, ओठाची कड निळी. आन मला एकदम नळावरची घागर दिसली. शिजवून खाल्लं नाव मानसांनी.

"कौशी?" मी म्हनलं. "काकू, कौशल्या?"

तिचं अर्धं तोंड हसलं. अर्धंच हसता येत होतं तिला. डोळ्यातून पानी. मग तिनं चांगला हात उचलला, छातीवर ठिवला आन छातीवर थापट मारून परत तोंड उघडलं. "सो… सो…"

आरोहीला ती सोनी म्हनायची. मला वाटलं सोनीचं इचारायली, तिच्या काळजाचं, छातीवर हात ठिवून.

"एक्केचाळीस," सिस्टरनं हाक मारली. "एक्केचाळीस कोन? न्हाई का? बेचाळीस."

"हाय, हाय," मी वरडले. आन फोनात म्हनलं, "सोनी बरी हाय काकू. करते नंतर फोन." ती आनखी छातीवर थापटत होती. "सो…" मी फोन कापला. कापल्याबिगर खिसा कसा उघडनार.

दारात उभी ऱ्हाऊन, एका खांद्यावर लेकरू, एका अंगठ्यानं लिवलं. मी बी अंगठा जिभंला लावला की काय कोन जाने, फोन दोनदा सरकला न्हाई. कौशल्या. आन आलं. एका खाली एक. कौशल्या लेक जलमाचा दाखला. कौशल्या लेक काळजाचे कागद एक. कौशल्या लेक काळजाचे कागद दोन. काळजाचे म्हने. इको कशाला म्हनंल ती. चारी कोपऱ्यांवर चार खडे दिसत होते फोटूत.

डॉक्टरनं फोन हातात घेऊन मोठा करून बगितलं, नव्या इकोशेजारी धरला. म्हनले, वाढलंय, थांबायला नको. तारीख दिली. आपरेशन झालं. आता आरोहीच्या छातीवर मधोमध एक रेघ हाय आन ती गल्लीत पळती, रडली तर ओठ लालच ऱ्हातेत. निळी बॅग बी आठ दिवसांनी घावली, सोलापूरच्या स्टँडावर कोनी जमा केली होती. तवा तिचा उपेग काई नव्हता.

काकूला मी नंतर फोन करते म्हनले होते. तारीख, रगत, दवाखान्यातलं ऱ्हानं, आज करू उद्या करू. करायचा ऱ्हायला. बाराव्या दिवशी तिच्या लेकाचाच आला. काकू गेली होती.

काकूच्या दहाव्याला त्याचा परत फोन आला. "वहिनी, आईचा खिसा तुमच्याकडं हाय ना? तिचा एक लहानपनीचा फोटू होता, शाळेतला. म्हनायची आभाळात ठिवलाय. भिंतीला लावायला आमच्याकडं फक्त ओळखपत्राचा हाय, तो तर तिच्यासारखा दिसतच न्हाई. सुमन नावानं बगा."

सुमन नावानं काईच नव्हतं. मी म्हनलं, "दादा, काकूचं माहेरचं नाव काय?"

तो म्हनला, "सुमनच की. मामा न्हाईत, आजी मी बगितली न्हाई. दुसरं कोन्तं असंल?"

मला बी ठाऊक नव्हतं. चार वर्स तिच्या दारात बसले. तिनं गल्लीतल्या एकूनएक बाईला इचारलं, बाई, तुझं जलमाचं नाव काय. आमच्यातल्या एकीनं बी तिला उलटून इचारलं न्हाई. दप्तरीकाकू. दप्तर तिच्या नवऱ्याचं.

फोन ठिवला तवा आरोही माझ्या मांडीवर होती. झंपरच्या गळ्यातून रेघ दिसत होती. मी तिच्या छातीवर हात ठिवला, सवयीनं ठिवते, आन तसाच ऱ्हायला हात. काकूनं स्वतःच्या छातीवर थापटलं होतं. स्वतःच्या. 'मी' म्हनताना मानूस थापटतंय तसं.

मी नुसतं 'सो' लिवलं.

सोजर. माझ्या माहेराकडं, बिलोलीला, गल्लीगनिक एक सोजर असती. आत दोनच कागद. एक चौथी पासचा दाखला, माहूरच्या खालच्या कुठल्याशा गावचा, कुमारी सोजर. दुसरा फोटू. शाळेच्या भिंतीपुढं पोरींच्या दोन रांगा, सगळ्या कॅमेऱ्याकडं बगून ताठ, ओठ मिटून. पुढल्या रांगेतली एकच पोरगी, दोन शेंड्या घट्ट बांधलेल्या, मान जराशी शेजारनीकडं, तोंड उघडं. कायतरी सांगायली आन तेवढ्यात फोटू काढनाऱ्यानं बटन दाबलं.

मी तो फोटू लेकाला धाडला. त्यानं इचारलं, यातली आई कोन्ती? मी म्हनलं, तोंड उघडं हाय ती.

म्हंजी तिला चावी द्यायची होती. तिची सोताची. माझी चावी घावल्यावर तिला वाटलं असंल, आता हिला घे म्हनावं माझी बी, लकव्यानं जीभ गेली तरी एवढं एक अक्षर हाय अजून. आन मी सोनी बरी हाय म्हनून तिचं तोंड बंद केलं. घडीभर थांबले असते, इचारलं असतं, सो म्हंजी काय काकू, तर ती मरायच्या आधी तिला तिच्या नावानं एकदा हाक मारता आली असती. पन सिस्टर बेचाळीस म्हनली होती. माझ्या खांद्यावर लेकरू होतं, त्याचे ओठ निळे होते, आन कागद त्याच एका फोनात होता ज्याच्यात काकू होती. तुमी त्या दारात असता तर काय केलं असतं?